पाऊण इंच माया

मे महिना. लष्करात दुपारी तीनला
कुत्रीसुद्धा नळाखालची ओल सोडत नाहीत.
गॅरेजचं शटर गुडघाभर वर,
आत मी, चार सिलेंडर,
आणि दोन वर्षं सात महिन्यांचं बिनपंखांचं विमान.
पंख गच्चीवर, ताडपत्रीखाली.
शेजारच्या माहुरकरांना अजून वाटतं
ते सोलरचं काहीतरी असावं.

इंजिन हवेवर थंड होतं,
हे सांगायला सोपं.
पण हवा आळशी. फट दिसली की फटीतून,
मोकळं दिसलं की मोकळ्यातून.
फिनांच्या त्या नखभर गल्ल्यांत
ती आपणहून शिरत नाही, ढकलावी लागते.
म्हणून पत्रे. पुढे, मागे, सिलेंडरच्या काखेत,
आणि वरून झाकण, पेटीसारखं.
नाकपुड्यांतून आलेली हवा पेटीत कोंडायची,
तिला खाली उतरायला एकच वाट ठेवायची:
तापल्या धातूला घासून.

शाकिर मिस्त्री बघून म्हणाला, हा तर कूलर.
हजिऱ्यात दुकान त्याचं,
होळीपासून पत्रे वाकवतो, वाळा भरतो.
"ताटीत एक जागा विरळ राहिली
की सगळी हवा तिथूनच येते. गरम."
तो हिंदीत बोलतो.
मी तीस वर्षं ते मराठीत ऐकतो.

नमुने गजकाच्या खोक्यांचे.
संक्रांतीची खोकी, हेमाने माळ्यावर जपलेली.
आधी पुठ्ठा, मग पत्रा,
मग पत्रा भंगारात आणि पुन्हा पुठ्ठा.
मागची डावी भिंत तीनदा केली.
प्लगच्या वायरीचं भोक एकदा
चुकून ऑइल कूलरच्या जागी पाडलं,
त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही.

शेवटी बसलं. केसभर फट नाही.
पेटीचं तोंड नाकपुडीला असं भिडलेलं
की पोस्टकार्ड आत जाईना.
शाकिरने चहा मागवला.

हेमा जेवायला बोलवायला आली,
उभी राहिली, बघितलं,
आणि प्रोपेलरचा मधला गट्टू धरून इंजिन हलवलं.
इंजिन रबरांवर उभं असतं. ते डोललं.
पेटी त्याच्याबरोबर डोलली
आणि नाकपुडीवर ठक्कन आपटली.

"माया ठेवली नाहीस," ती म्हणाली.
नया बाजारातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाऊज
हिच्या मशीनवरून गेलेत.
"अंगाबरोबर शिवलंस.
माणूस कधीतरी हात वर करतो रे."

मग तिने करवत माझ्याकडून काढून घेतली नाही,
फक्त बोट ठेवून दाखवलं, कुठवर.
पाऊण इंच मी कापला.
त्या अंतरात तिने सिलिकॉनच्या कापडाची बाही घातली,
कोपराजवळ असते तशी ढिली,
एक कड पेटीला, एक नाकपुडीला.
इंजिन हललं, बाही हलली,
आवाज झाला नाही.

रात्री पेटीत टॉर्च ठेवला.
दिवे मालवायचे होते, ते विद्युत मंडळाने मालवले.
काळोखात इंजिनावर सात ठिपके उजळले.
जन्मात पहिल्यांदा
उजेड दिसला की शिवी देत होतो.
एकेक ठिपका लाल सिलिकॉनने बुजवला.
सातवा तिसऱ्या सिलेंडरच्या मागे,
माझं बोट पोचेना, शाकिरचं तर नाहीच.
हेमाने अंगुस्तान काढून ठेवलं,
हात घातला, गाल इंजिनाला टेकलेला,
आणि अंधार पुरा झाला.

रविवारी चालवलं. बाहेर त्रेचाळीस,
माहुरकर गॅलरीत, कानांवर हात.
चार काटे चढले.
तीन सरळ थांबले, शहाण्यासारखे.
तिसरा अठरा अंश वर.

शाकिर म्हणाला, प्रत्येक घरात
एक खोली अशी असतेच,
कितीही पाणी टाका.

हेमा काही बोलली नाही.
माळ्यावर गेली.
गजकाचं अजून एक खोकं होतं.